वेबसाईट कशावर बांधायची? मोहर्लीकडच्या एका होमस्टेची गोष्ट आणि सीएमएस निवडायचे सहा प्रश्न

ज्यांच्याकडे एपिसोड डाउनलोड होण्याइतकी रेंज नाही, ज्यांचे हेडफोन बसमध्ये राहिले, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना मी "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जितक्या वेळा म्हणालो, तेवढे काढून टाकलेत. बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाठवलेला आहे. कुणाच्या वडिलांची राईस मिल आहे, कुणाच्या आईचा बचत गट बांबूच्या वस्तू करतो, कुणी स्वतः टॅक्सी चालवतो. सगळ्यांचा सूर एकच: "घरच्या धंद्याची वेबसाईट करायची आहे. वर्डप्रेसवर करू, विक्सवर करू, की ओळखीच्या पोराकडून बनवून घेऊ?"

याचं एका शब्दात उत्तर देणारे व्हिडिओ यूट्यूबवर पुष्कळ आहेत. मी तसं उत्तर देणार नाही, कारण एकदा मी ते दिलं होतं आणि आमच्याच घरात ते महागात पडलं.

सप्टेंबरमधला फोन

माझा मामेभाऊ, आमचा दादा, ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे छोटा होमस्टे चालवतो. चार खोल्या, अंगण, मागे मोहाचं झाड. चंद्रपूरहून निघालं की पद्मापूर, आगरझरी करत तासाभरात पोचता. जेवण वहिनीच्या हातचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ताडोबाचा कोअर भाग पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, पर्यटकांसाठी बंद असतो. १ ऑक्टोबरला गेट उघडतं. म्हणजे सप्टेंबर हा आमच्याकडे फोन वाजायचा महिना. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग याच दिवसांत ठरतं.

अशाच एका सप्टेंबरात दादाचा फोन आला. "अबे, आपली वेबसाईट उघडून नाही राहिली."

मी म्हटलं, रेंज नसेल. त्यावर तो म्हणाला, "रेंज आहे ना बे! पुण्यातल्या पाहुण्यानं सांगितलं. तो म्हणे, भाऊ, तुम्ही धंदा बंद केला का?"

मी इथे तुकूममधल्या माझ्या खोलीत उघडून पाहिलं. दादाच्या होमस्टेच्या नावाच्या जागी इंग्रजीत पाटी: हे डोमेन विकणे आहे.

झालं असं होतं. सहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाला आम्ही वेबसाईट करायला सांगितली. सांगणारा मीच. त्यानं चांगली केली, पैसेही वाजवी घेतले. पण डोमेन घेतलं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर. होस्टिंगही त्याचंच. मग तो नोकरीला बाहेर गेला, नंबर बदलला. मुदत संपल्याचे ईमेल त्याच्या जुन्या खात्यात जात राहिले असणार. दादाला एकही आला नाही, कारण त्याचा ईमेल कुठेच नव्हता.

सहा वर्षांचे फोटो आणि पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय गेले. व्हिजिटिंग कार्डावर, जिप्सीच्या मागच्या स्टिकरवर, वळणावरच्या फलकावर छापलेला पत्ता आता दुसऱ्याचा. त्या दिवाळीला किती पाहुणे "बंद झालं वाटतं" म्हणून दुसरीकडे गेले, ते मोजायला काही साधन नाही. वहिनी मात्र एवढंच म्हणाली, "मले तर त्या वेबसाईटवरचा भातही कधी बदलता आला नाही."

ती म्हणत होती ते जेवणाच्या यादीबद्दल. सहा वर्षांत तिनं थाळी तीनदा बदलली होती, वेबसाईटवर पहिलीच राहिली. कारण प्रत्येक शब्द बदलायला त्या मुलाला फोन करावा लागायचा.

या दोन गोष्टी, किल्ली कुणाकडे आणि शब्द कोण बदलणार, डोक्यात ठेवा. आजचा सगळा भाग यावरच उभा आहे.

सीएमएस म्हणजे नेमकं काय

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, वेबसाईटवरचा मजकूर सांभाळायची यंत्रणा.

हॉटेलबाहेर दोन प्रकारचे बोर्ड असतात. एक फ्लेक्स. त्यावर "चहा १० रुपये" छापलं, की भाव बदलला तर नवा फ्लेक्स, म्हणजे पुन्हा डिझायनर, पुन्हा छपाई. दुसरा काळा फळा. खडू घेतला, पुसलं, लिहिलं.

जुन्या वेबसाईट फ्लेक्ससारख्या असायच्या. प्रत्येक पान एचटीएमएलची वेगळी फाईल, बदल करायचा तर फाईल उघडा, कोड शोधा, पुन्हा सर्व्हरवर चढवा. सीएमएसनं फळा दिला. दिसण्याचा साचा वेगळा आणि मजकूर वेगळा ठेवला. तुम्ही लॉगिन करता, पाटीवर लिहिल्यासारखं लिहिता, साचा ते नीट मांडून दाखवतो.

याचं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हा प्रशासनाच्या वेबसाईट शेजारी शेजारी उघडून बघा. रचना जवळपास एकच. देशातल्या इतर जिल्ह्यांच्याही तशाच दिसतील. कारण एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेनं सरकारी कार्यालयांसाठी एक सामाईक यंत्रणा केली आहे, तिचं नाव एस-थ्री-वास. साचा, सुरक्षा, सर्व्हर एनआयसीकडे. निविदा, भरतीची जाहिरात, फोटो भरायचं काम जिल्ह्याकडे. प्रत्येक जिल्ह्यानं स्वतःचा प्रोग्रामर शोधायची गरज नाही. आपल्याला ती यंत्रणा मिळणार नाही, ती सरकारी आहे. पण विचार उचलण्यासारखा आहे: ज्याला मजकूर माहीत आहे त्याला फक्त मजकूर लिहू द्या.

बाजारात काय काय आहे

नावं खूप आहेत, पण ढोबळमानानं तीन गट.

पहिला गट भाड्याच्या खोलीचा. विक्स, स्क्वेअरस्पेस, वर्डप्रेस डॉट कॉम, दुकानासाठी शॉपिफाय, आणि फुकटात गुगल साईट्स किंवा ब्लॉगर. महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं द्या, नळ, वीज, रखवालदार त्यांचे. तुम्ही फक्त सामान लावायचं. भिंत पाडायची परवानगी नाही.

दुसरा गट स्वतःच्या घराचा. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल. ही सॉफ्टवेअर मुक्त आहेत, फुकट उतरवून घेता येतात, पण जागा म्हणजे होस्टिंग तुम्ही घ्यायचं आणि गळतीही तुम्हीच बघायची. ड्रुपल २००१ चं, वर्डप्रेस २००३ चं, जूमला २००५ चं. तिघंही वीस वर्षांच्या पुढचे, म्हणजे उद्या गायब होणारे नाहीत. यात वर्डप्रेस सगळ्यात पसरलेलं. जगातल्या दर पाच वेबसाईटपैकी दोन त्यावर चालतात असं धरा. त्यामुळे चंद्रपुरातही वर्डप्रेस जाणणारा माणूस सापडतो, ड्रुपलवाला शोधावा लागतो.

इथे एक गोंधळ मिटवू. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची भाड्याची खोली. डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर, तुमच्या होस्टिंगवर तुम्ही बसवायचं. नाव एक असल्यामुळे भलतंच घेऊन बसलेले दोन मित्र माझ्याच ओळखीत आहेत.

तिसरा गट म्हणजे एखाद्या डेव्हलपरनं खास तुमच्यासाठी हातानं बनवलेली यंत्रणा. दिसायला झकास असते, वेगही चांगला असतो. पण त्या घराचा नकाशा बनवणाऱ्याच्या डोक्यात असतो. दादाची पहिली वेबसाईट याच गटातली.

आधी किल्ली, मग घर

सीएमएस निवडण्याच्या आधी डोमेन. डोमेन म्हणजे वेबसाईटचा पत्ता. हा पत्ता स्वतःच्या हातात असला, तर सीएमएस चुकलं तरी बदलता येतं. पत्ताच दुसऱ्याचा असेल तर चांगलं सीएमएसही कामाचं नाही.

गडचिरोलीकरांना हे वेगळं समजवायची गरज नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या हातात होतं. हक्क कागदावर आणि माल जंगलात, अशी अवस्था. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गावानं आपला बांबू आपल्या परवान्यानं विकला.

ती लढाई कुठे आणि आपली वेबसाईट कुठे, मला कळतं. पण धडा तोच: माझं आहे म्हणून भागत नाही, पुस्तक कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं. वेबसाईटच्या बाबतीत ते पुस्तक म्हणजे डोमेनच्या खात्याचं लॉगिन.

म्हणून डोमेन घेताना तीन गोष्टी. खातं तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईल नंबरवर. डेव्हलपरला काम करायला वेगळं लॉगिन द्या, मालकी देऊ नका. आणि जमलं तर एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरून टाका. डोमेनची मुदत संपली की काही दिवस साध्या दरात परत मिळतं, मग काही दिवस जबर दंड भरून, आणि मग ते कुणालाही विकत घेता येतं. दादा तिसऱ्या पायरीवर जागा झाला.

मराठी नाव हवं असेल तर देवनागरीत डॉट भारतही २०१४ पासून मिळतं. पण ते घेतलं तरी सोबत साधं डॉट इन ठेवा. फोनवर पत्ता सांगताना आणि ईमेलसाठी अजून तेच सोपं पडतं.

सहा प्रश्न

दादाच्या दुसऱ्या वेबसाईटच्या वेळी आम्ही घाई केली नाही. अंगणात बसलो आणि वहीत प्रश्न लिहिले. तेच तुम्हाला देतोय.

*एक: रोज हात कोण लावणार आणि कशावरून?*

दादा गाड्यांच्या मागे असतो. वेबसाईट वहिनी बघणार हे उघड होतं. तिच्याकडे लॅपटॉप नाही, मधल्या किमतीचा अँड्रॉइड फोन आहे. म्हणून आम्ही तीन वेगवेगळ्या यंत्रणांची फुकट चाचणी खाती उघडली आणि वहिनीच्या हातात फोन देऊन तीन कामं सांगितली. खोलीचा दर बदल. एक फोटो टाक. "ताडोबाचा कोअर दर मंगळवारी बंद असतो" ही ओळ पहिल्या पानावर आण.

मी मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं. अवघड होतं ते.

एका ठिकाणी बटणं इतकी बारीक की तिसऱ्या मिनिटाला तिनं फोन खाली ठेवला. एका ठिकाणी दर बदलला, पण सेव्ह कुठे करायचं ते सापडेना. वर्डप्रेसच्या साध्या एडिटरमध्ये तिन्ही कामं झाली, पहिलं जरा चाचपडत. निर्णय तिथेच अर्धा झाला. माझं मत यात धरलंच नव्हतं, आणि ते बरोबरच होतं, कारण मी काही रोज मोहर्लीला नसतो.

*दोन: सामान घेऊन बाहेर पडता येतं का?*

खोली घेताना सोडायचा विचार कुणी करत नाही. पण तेव्हाच करायचा. वर्डप्रेसमधून सगळे लेख आणि पानं एका एक्सएमएल फाईलमध्ये काढता येतात आणि फोटोंसकट अख्खी वेबसाईट दुसऱ्या होस्टिंगवर हलवता येते. शॉपिफायमधून वस्तूंची यादी सीएसव्ही फाईलमध्ये निघते, म्हणजे एक्सेलमध्ये उघडता येते. विक्सवर बांधलेली वेबसाईट मात्र जशीच्या तशी दुसरीकडे नेता येत नाही, ती विक्सच्या सर्व्हरवरच चालते, आणि हे ते स्वतःच सांगतात. यात फसवणूक नाही, पण आधी माहीत असावं.

आणि फुकट असेल तर हा प्रश्न दुप्पट विचारा. गुगलनं बिझनेस प्रोफाईलसोबत एका पानाची फुकट वेबसाईट दिली होती. खूप दुकानदारांनी तीच वापरली. मार्च २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली. काही महिने जुना पत्ता नकाशावरच्या प्रोफाईलकडे वळवला जायचा, १० जूनपासून तेही थांबलं. त्याआधीच्या पिढीत याहूचं जिओसिटीज होतं, लाखो लोकांची पानं त्यावर होती, ते अमेरिकेत २००९ मध्ये बंद झालं. कंपनी मोठी आहे म्हणजे आपली खोली टिकेल असं नसतं.

मग मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भांडणं नाहीत का? आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे एक जनक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जाहीर वाद झाला, त्या कंपनीच्या ग्राहकांचे अपडेट काही काळ अडले, प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं. पण वेबसाईट चालू राहिल्या, कारण सॉफ्टवेअर त्या त्या सर्व्हरवर बसलेलं होतं आणि ते वापरायचा परवाना कुणी काढून घेऊ शकत नाही. स्वतःच्या घराचा फायदा अशा वेळी कळतो.

*तीन: तीन वर्षांचा खर्च किती?*

पहिल्या वर्षाचा नाही, तीन वर्षांचा. होस्टिंगवाले पहिल्या वर्षाला मोठी सूट देतात आणि नूतनीकरणाला दर कितीतरी वर जातो. हा नूतनीकरणाचा आकडा बारीक अक्षरात असतो, तो शोधून वहीत लिहा. मग ओळी पाडा: डोमेन, होस्टिंग, थीम, पैसे देऊन घेतलेले प्लगइन, ऑनलाईन पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट गेटवेचा वाटा, आणि अडलं तर ज्याला बोलवाल त्याची मजुरी.

दुकान टाकणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे गेटवेचा वाटा वेगळा आणि शॉपिफायची व्यवहार फी वेगळी, असे दोन हात लागतात. वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन फुकट आहे, पण मग सुरक्षेचं डोकं तुमचं. दोन्हीकडे किंमत आहे, एकीकडे पैशात आणि दुसरीकडे वेळेत.

होमस्टेला आम्ही हे सगळं टाळलं. पाहुणा फोन किंवा व्हॉट्सॲप करतो, वहिनी तारीख बघते, यूपीआयवर ॲडव्हान्स येतो. चार खोल्यांना बुकिंग इंजिन कशाला? सफारीचं बुकिंग तर वनखात्याच्या अधिकृत वेबसाईटवरच होतं, तिचा दुवा दिला की काम झालं.

*चार: रेंज नसताना काय?*

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्या तिनांत हवा होता. भामरागड, एटापल्लीकडच्यांना तर सांगायलाच नको. आणि पाहुणा वेबसाईट कधी उघडतो? नागपूरहून निघालाय, जंगलातला रस्ता लागलाय, फोनवर रेंजची एकच कांडी आहे आणि त्याला वळण शोधायचंय.

इथे माझी दुसरी चूक सांगतो. वर्डप्रेस घेतल्यावर मला उत्साह आला. सरकता फोटो, वाघाच्या डरकाळीचा व्हिडिओ, हिरवं पान हलतंय असं काहीतरी. तेवीस प्लगइन लावले होते मी! चंद्रपुरात माझ्या वायफायवर साईट पळत होती. वहिनीनं मोहर्लीहून फोन केला, "चहा उकळून झाला, तुमचं पान अजून गोलच फिरून राहिलं."

मग काढायला बसलो. तेवीसचे सहा प्लगइन उरले. व्हिडिओ गेला. फोटो वेबपी प्रकारात टाकले, त्यात फाईल बरीच लहान होते, आणि वर्डप्रेस २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून ते थेट स्वीकारतं. फोटो नजरेच्या टप्प्यात आल्यावरच उतरवायची सोय २०२० पासून त्यात आपोआप आहे. पत्ता, फोन नंबर आणि "कुठे वळायचं" या ओळी नुसत्या अक्षरांत, सगळ्यात वर ठेवल्या. अक्षरं एका कांडीवरही येतात.

म्हणून निवड करताना त्या यंत्रणेवर चालणारी एखादी वेबसाईट तुमच्या गावातून, तुमच्याच सिमवर उघडून बघा. डेमो नेहमी शहरात छान चालतो.

*पाच: कोणत्या भाषा?*

आमचे पाहुणे मराठी, हिंदी, इंग्रजी आणि हैदराबादकडचे तेलुगू. ड्रुपल आणि जूमलामध्ये अनेक भाषांची सोय मुळातच आहे. वर्डप्रेसला त्यासाठी पॉलिलँगसारखं प्लगइन लावावं लागतं. भाषा दोन असतील तर प्लगइन पुरतं. पाच भाषांत शेकडो पानं असतील, उदाहरणार्थ एखादी मोठी संस्था, तर ड्रुपलचा विचार करावा. होमस्टेला मराठी आणि इंग्रजी पुरे झालं.

एक व्यावहारिक सूचना. गावात पत्रिका, पॅम्फ्लेट छापणाऱ्याकडचा मराठी मजकूर बऱ्याचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतो. तो कॉपी करून वेबसाईटवर टाकला की विचित्र चिन्हं दिसतात. दोष सीएमएसचा नसतो. युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा फोनवर बोलून टाईप करा, पटकन होतं. गोंडी किंवा माडिया देवनागरीत लिहीत असाल तर काहीच अडचण नाही. गोंडीच्या स्वतःच्या दोन लिप्याही युनिकोडमध्ये आहेत, मसराम गोंडी २०१७ पासून आणि गुंजाला गोंडी २०१८ पासून. पण प्रत्येक फोनमध्ये तो फाँट असेलच असं नाही, त्यामुळे फाँट वेबसाईटसोबत द्यावा लागतो. ते कोणत्या यंत्रणेत जमतं, आधी विचारून घ्या.

*सहा: गळती कोण बघणार?*

भाड्याच्या खोलीत हा प्रश्न घरमालकाचा. स्वतःच्या घरात तुमचा. वर्डप्रेस, त्याची थीम आणि प्लगइन यांना अपडेट येत राहतात, आणि ते न लावलेल्या वेबसाईट चोरटे शोधतच असतात. आपल्या खानावळीच्या नावानं गुगलवर जपानी अक्षरांतल्या दुकानांचे दुवे दिसायला लागले, असे प्रकार होतात. ती खूण असते की कुणीतरी मागच्या दारानं आत आलंय.

यावर महिन्याचा एक दिवस ठरवा. आम्ही मंगळवार ठेवलाय, कोअर बंद, वहिनीला जरा सवड. अपडेट लावायचे, बॅकअप काढायचा, आणि तो बॅकअप होस्टिंगच्या बाहेर, आपल्या गुगल ड्राईव्हवर किंवा पेनड्राईव्हवर ठेवायचा. घरातल्या तिजोरीची दुसरी किल्ली घरातच ठेवून काय उपयोग?

आणि हा एक दिवसही देणारं घरात कुणी नसेल, तर प्रामाणिकपणे भाड्याची खोली घ्या. त्यात कमीपणा नाही. चार वर्षं अपडेट न केलेल्या वर्डप्रेसपेक्षा वेळेवर भाडं भरलेली साधी वेबसाईट कधीही बरी.

मग कुणी काय घ्यावं?

तुमच्या प्रश्नांना आता थेट उत्तरं.

राईस मिल किंवा एमआयडीसीतलं वर्कशॉप: चार-पाच पानं, वर्षातून एकदा बदल. भाड्याचा साधा बिल्डर चालेल. डोमेन मात्र स्वतःचं.

बचत गट, बांबूच्या किंवा मोहाच्या वस्तू: आधी व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग भरा, तो फुकट आहे. सहा महिने ऑर्डरी मोजा. कुरियरचा खर्च, वाटेत मोडणारी वस्तू, परत येणारा माल, हे सगळं सीएमएसच्या आधी शिकावं लागतं. ऑर्डरी वाढल्या आणि गटात फोन हाताळणारी कुणी तयार झाली, की मग वूकॉमर्स किंवा शॉपिफाय.

होमस्टे, कोचिंग क्लास, स्थानिक बातम्या: जिथे मजकूर सारखा बदलतो आणि गुगलमधून माणसं येतात, तिथे स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस. थीम हलकी, प्लगइन मोजके.

टॅक्सीवाल्या दोस्ता, तुला सध्या वेबसाईटच नको. गुगलवरचं बिझनेस प्रोफाईल नीट भर, दर आणि फोटो खरे ठेव. पण डोमेन आजच घेऊन ठेव, उद्या लागेल.

आणि "ओळखीचा पोरगा" करणार असेल तर करू द्या, आपल्याच पोरांना काम मिळतं. फक्त कामाच्या आधी एका कागदावर लिहून घ्या: डोमेन कुणाच्या नावावर, लॉगिन कोणकोणाकडे, बॅकअप कुठे, तो गाव सोडून गेला तर पुढे कोण. त्या मुलालाही यातून त्रास वाचतो. आमच्या त्या मुलानं मुद्दाम काही केलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

आता कुठवर आलंय

दादाचं जुनं नाव परत मिळालं नाही. विकणाऱ्यानं मागितलेली किंमत चार खोल्यांच्या धंद्याला झेपणारी नव्हती. नावात "मोहर्ली" जोडून नवा पत्ता घेतला, कार्डं पुन्हा छापली, फलक रंगवला. जुन्या पाहुण्यांना वहिनीनं तिच्या फोनमधले नंबर शोधून एकेकाला मेसेज केला. काही जणांनी जुने अभिप्राय आठवून परत लिहून दिले. एका काकूंनी तर तेव्हाची थाळीसुद्धा आठवणीनं लिहिली.

लॉगिन, पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलीय. पासवर्ड वहीत लिहू नयेत असं शिकलेले लोक म्हणतील. पण ती वही वहिनीच्या कुलुपात असते, आणि सहा वर्षं पासवर्ड आमच्या घरात कुठेच नव्हता, त्यापेक्षा हे बरं.

मागच्या मंगळवारी मी सहज वेबसाईट उघडली. थाळीच्या यादीत एक नवी ओळ होती: मोहफुलांचे लाडू, आदल्या दिवशी सांगावे. मला कुणी विचारलं नव्हतं, फोनही केला नव्हता.

तर मंडळी, एक काम करा. हा भाग वाचून झाला की घरच्या वेबसाईटचं डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपतंय, एवढंच आज शोधा. सापडलं नाही तर मला कळवा, पुढच्या भागात तेच करू: हरवलेलं डोमेन कुणाकडे आहे ते कसं शोधायचं. तोवर रेंजमध्ये राहा. नसाल तरी हरकत नाही, लिखित भाग आहेच.